सीट एक बोट वर

सुरुवातीलाच माफी मागते. माणसाविषयी लिहायचं तर लिहिणारा तसा हवा, आणि मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. बाबा जंगलाच्या कामावर जातात, आई धानाच्या बांधीत. परीक्षेतले निबंध सोडले तर मी काही लिहिलेलं नाही. पण हिरामणभाऊंबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, आणि भाऊ स्वतः रक्ताच्या नमुन्याच्या काचपट्टीवर नंबर टाकण्यापलीकडे काही लिहीत नाहीत. म्हणून मीच बसले. चुकलं तर सांभाळून घ्या.

हिरामणभाऊ आमच्या घरी आले की आधी सायकलीची तब्येत विचारतात, मग माणसांची. अंगणात पाऊल टाकलं की सरळ भिंतीला टेकलेल्या सायकलीकडे जातात, मागचं चाक उचलून पैडल फिरवतात आणि डोळे मिटून कान लावतात. "बरी आहे," म्हणतात, आणि मग आईकडे वळून, "तुम्ही कशा आहा बाई?"

एकदा बाबा तापानं फणफणून ओसरीत बाजेवर पडले होते. भाऊंना बोलावलं, कारण ते मलेरियाचे कर्मचारी. तापाच्या माणसाचं बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि गोळ्या द्यायच्या, हे त्यांचं काम. पण बाजेशेजारी सायकल उभी होती आणि तिचा ब्रेक ढिला होता. भाऊंनी आधी ब्रेक कसला. बाबा कुडकुडत म्हणाले, "भाऊ, मी पैले का सायकल?" भाऊ पाना खिशात ठेवत म्हणाले, "तुमचं रक्त कुठी पळून नाई चाल्लं."

आमचं गाव अहेरीच्या बाजूला. भाऊंकडे असलेले टोले, म्हणजे छोट्या वस्त्या, नाल्यांच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला आहेत. दगड, मुळं, रेती आणि मधे मधे नाले, अशी ती पायवाट. सोबतचे लोक सांगतात, मोटरसायकल घ्या. भाऊंचं म्हणणं असं, की मोटरसायकल नाल्यात बसली तर चार माणसं लागतात आणि सायकल एकट्याच्या खांद्यावर बसते. त्यांचा पहिला नियम यातूनच आला: "जे सायकल तुले उचलता येत नाई, ते तुही नाई." गावात कोणी सायकल घ्यायला निघालं की भाऊ त्याच्यासोबत दुकानात जातात आणि रंग बघायच्या आधी सायकल त्याच्या खांद्यावर ठेवतात. एका नवरदेवाला त्यांनी सासऱ्यानं देऊ केलेली सायकल घेऊन दुकानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. नवरदेव घामेघूम झाला आणि हलकी सायकल पसंत पडली.

दुसरा नियम, जो पार्ट अहेरीच्या बाजारात भेटत नाही तो आपल्या सायकलीत नाही. समोर स्प्रिंगा लावलेल्या, चकतीच्या ब्रेकच्या सायकली त्यांनाही आवडतात. दुकानात ते त्यांच्यावरून हात फिरवतात. पण जंगलात स्प्रिंग फसली तर तिथे दुरुस्त करायला अस्वल येणार काय, असं विचारतात. साधे रबराचे ब्रेक, जाड बटणांचे टायर, आणि हवा वाटेप्रमाणे: डांबरावर टणक, रेतीत नरम. मडगार्ड ते काढून टाकतात, कारण आमचा चिखल त्यात असा बसतो की चाक फिरायचंच थांबतं. त्यामुळे पावसाळ्यात भाऊंच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ असते. ती दिसली नाही की लोक विचारतात, आज सुट्टी काय?

टायरमधून निघालेला प्रत्येक काटा ते आगपेटीत जपून ठेवतात. काटा पाहून बोरीचा की बाभळीचा हे कोणीही सांगेल. भाऊ कोणत्या वळणावरचा तेही सांगतात.

चुका त्यांच्याही झाल्या. एका वर्षी चैनीचं तेल संपलं म्हणून त्यांनी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल घातलं. आमच्याकडे ते दिव्याला, अंगाला, भाजीला, सगळ्याला चालतं, तर चैनीला का नाही? सकाळी चैन मुंग्यांनी काळी झाली होती. भाऊंना वाटलं, धुळीनं. टोल्यावर पोचेपर्यंत मुंग्या घोट्यांवरून गुडघ्यांपर्यंत चढल्या होत्या. तापाच्या माणसाचं बोट धरून भाऊच उड्या मारत होते. रोगी म्हातारा सगळ्यांना सांगत सुटला, मलेरियावाल्याला माझ्याहून जास्त थंडी वाजते.

आमच्या शाळेत मुलींना सायकली वाटल्या तेव्हा मी आठवीत होते. पाहुण्यांचं भाषण चालू झालं आणि भाऊ पाना घेऊन मागच्या बाजूनं आत आले. पहिली सायकल उलटी केली, हँडल हातात फिरलं. मग दुसरी. पाहुणे प्रगतीबद्दल बोलत होते आणि मैदानावर सायकली एकामागे एक पालथ्या होत होत्या. हेडसर इशारे करून थकले. भाऊंनी सगळ्या कसल्या, आणि मगच एकेका मुलीला सायकल उचलायला लावून घरी सोडलं.

या माणसाच्या डोक्यात पाना कुठून शिरला, हे गावाला ठाऊक आहे. भाऊंची बायको वंदनाबाई आणि मुलगी समीक्षा सात-आठ वर्षांपासून नागभीडला, समीक्षाच्या मामाकडे राहतात. गाव गमतीनं सांगतं, की भाऊंनी वंदनाबाईच्या नव्या कोऱ्या स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, रॉकेल ओतून चैन धुतली, म्हणून बाई गंज घेऊन माहेरी गेली. गंजाची गोष्ट खरी आहे. पण बाई गेली ती त्यामुळे नाही.

भाऊ टोल्यांवर तीन दिवसांच्या फेरीला गेले होते आणि इकडे समीक्षाला ताप चढला. डोक्यात गेलेला ताप. निरोप भाऊंपर्यंत पोचला तेव्हा ते सगळ्यात लांबच्या टोल्यावर होते. तसेच निघाले. अर्ध्या वाटेत चैन तुटली. तेव्हाची सायकल जुनी, जड, दांड्याची. ती ढकलत, नाल्यात ओढत ते घरी आले तेव्हा घराला कुलूप होतं. वंदनाबाई शेजाऱ्यांच्या मदतीनं पोरीला दवाखान्यात घेऊन गेली होती. समीक्षा वाचली. पण बाई दवाखान्यातून, पोरीच्या कपाळावरच्या पट्ट्यांच्या पाण्यासाठी नेलेल्या त्या गंजासकट, नागभीडलाच गेली. जाताना एवढंच म्हणाली, की साऱ्या जंगलातल्या पोरींचं रक्त तपासता, घरची पोर राहिली.

त्यानंतर भाऊंच्या खिशात कायम चैनीच्या दोन जादा कड्या असतात.

त्याच वर्षी त्यांनी समीक्षासाठी निळी गेअरची सायकल आणली. पोरगी अकरा वर्षांची, सायकल थोडी मोठी. वाढत्या अंगाला पुरावी म्हणून. ती कोणी चालवली नाही. भाऊ दर रविवारी ती पुसतात, चैनीला तेल देतात, टायरात हवा भरतात. कधी न दाबलेल्या ब्रेकचे रबर कडक झाले म्हणून बदलतात. कोणी मागितली तर म्हणतात, "ते समीक्षाची आहे." कधी येणार विचारलं तर सायकल पुसू लागतात. ते स्वतः दोनदा नागभीडला जाऊन आले. दोन्ही वेळा फाटकातून बोलून परतले. पोरीनं ही सायकल कधीतरी चालवावी, याशिवाय त्या माणसाला आयुष्याकडून दुसरं काही नको होतं, आणि तेवढंच त्याला तोंडानं मागता येत नव्हतं.

आता माझी गोष्ट. शाळेचा निकाल लागला की दर वर्षी भाऊ आमच्याकडे यायचे आणि मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचे. डोक्यावर वही ठेवून खडूची रेघ मारायचे. आई हसायची. मला वाटायचं, निकालाची शाबासकी असेल, कारण नंतर एक चिक्की मिळायची. मी वर्गात सगळ्यात उंच. एका वर्षी गणितात कशीबशी पास झाले होते, तरी भाऊ रेघ बघून इतके खूश झाले, की मला वाटलं बाकी कोणी नाही तर निदान या माणसाला माझं कौतुक आहे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी गडचिरोलीच्या होस्टेलवरून घरी आले, तर भाऊ हजर. आधी सायकल, मग आई, मग मी. समीक्षाचा निरोप आला होता. तिला नर्सिंगला जायचं आहे, आणि जात पडताळणीला बापाचा शाळेचा दाखला लागतो. फोटो पाठवला तर आधी फॉर्म भरता येईल, मूळ कागद पोस्टानं पाठवा, असं तिनं लिहिलं होतं. भाऊंना फोटो नीट जमेना. म्हणून मी त्यांच्या घरी गेले.

आतल्या खोलीत मी पहिल्यांदाच जात होते. निळी सायकल दोन दुबेळक्यांवर, दुफाट्याच्या लाकडी खांबांवर, टांगलेली होती, टायर जमिनीला टेकून दबू नयेत म्हणून. सीटच्या दांडीला सुतळी लोंबत होती आणि सुतळीला गाठी होत्या. खालच्या गाठी लांब लांब, वरच्या जवळ जवळ, शेवटच्या दोन जवळपास चिकटलेल्या. मला त्या ओळखीच्या वाटल्या. आमच्या चौकटीवरच्या रेघा तशाच आहेत.

"भाऊ, हे माहं माप आहे का?"

भाऊ दाखला शोधत होते. पेटीतून मान वर न काढता म्हणाले, "तुम्ही दोघी एकाच महिन्याच्या. तुले पाह्यलं की तिचा अंदाज येते. तू दोन बोटं वाढली, का मी सीट एक बोट वर घेतो. कधी आली तर बसता आलं पायजे ना."

मग त्यांनी दांडीवरची एक बारीक खूण दाखवली. सीट त्या खुणेच्या वर काढायची नसते, दांडी निघून माणूस पडतो. खुणेला एकच बोट उरलं होतं. "यापुढं वाढली तर मले काई करता येत नाई," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर मला क्षणभर वाईट वाटलं. इतकी वर्षं ते कौतुक माझं नव्हतं, मी नुसती मोजपट्टी होते. पण मग त्या गाठींकडे पाहिलं आणि वाटलं, मोजपट्टी व्हायला तरी कोणीतरी लागतंच.

मी दाखल्याचा फोटो काढला. आणि भाऊ पाणी आणायला गेले तेव्हा, न विचारता, सायकलीचाही काढला. घरी येऊन आमच्या चौकटीचा काढला. तिन्ही समीक्षाला पाठवले आणि खाली लिहिलं, की या रेघा माझ्या आहेत पण तुझ्यासाठी मारलेल्या आहेत. हे बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट होती. तिनं दाखला मिळाल्याचं लिहिलं, बाकी काही नाही. भाऊ मूळ कागद पोस्टात टाकायला दोनदा अहेरीला गेले आणि दोनदा गर्दी होती म्हणून परत आले. त्यांच्यासारखा माणूस गर्दीला घाबरतो हे मला पटलं नाही.

सुट्टी संपली, मी होस्टेलवर आले. आठवडे गेले. मी आईला फोनवर आडून आडून विचारायची, भाऊ बरे आहेत ना. आई म्हणायची, बरेच आहेत, पण परवा आपल्या सायकलीकडे न पाहता निघून गेले. ते ऐकून मला अभ्यास सुचेना.

काल दुपारी भाऊंचा फोन आला. ते मला कधी फोन करत नाहीत. आधी विचारलं, होस्टेलची सायकल कशी आहे, चैन वाजते का. मी म्हटलं, नाही वाजत. मागे कोंबड्या ओरडत होत्या आणि कोणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता.

"समीक्षा आली," ते म्हणाले. "कागद न्याले. पोस्टाचा भरवसा नाई म्हणे. तिच्या आईनं तो गंज पाठवला. रॉकेलचा वास काई गेला नाई, आता तुम्हीच ठेवा म्हणे. पुढच्या महिन्यात सोता पाह्याले येते म्हणते, वास गेला का नाई ते."

मी विचारलं, "आणि सायकल?"

"उचलली. मी सांगाच्या आधी उचलली. नाल्यापर्यंत जाऊन आली." मग भाऊ म्हणाले, "मह्या अंदाजात चूक झाली पोरी. तू लय उंच आहे. सीट चार बोटं खाली घ्या लागली. ते आईवर गेली."