गळ्याशी आलेला स्वेटर

नकोसे. साहित्य: टाकून दिलेले कपडे. कृपया हात लावू नये.

बाबांनी प्रदर्शनातली पाटी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. पाटीमागे लेकीने घडवलेला राक्षस छतापर्यंत उभा होता. अंग जीन्सचं, डोकं मोज्यांचं, आणि आ वासून तो अजून शर्ट गिळत होता. चारदा घालून फेकायच्या कपड्यांची लेकीने अशी खरडपट्टी काढली होती, आणि बाबांना ती पटलीही होती. फक्त राक्षसाच्या मानेला आवळलेला मेंदी रंगाचा स्वेटर कोणी टाकून दिलेला नव्हता.

तो घरी कपाटावरच्या पिशवीत होता. बाबांची बायको विणत विणत गळ्याशी आली, आणि गेली.

लेकीला सांगावं, तर ऐन उद्घाटनाला तिचं तोंड उतरणार. बाबांचा जन्म वायरमन म्हणून गेला होता. भिंतीतल्या नळीतून वायर ओढायची ती दमानं, एवढं त्यांना कळत होतं. त्याच हिशेबाने स्वेटर अलगद काढायचा, जागी आपला मफलर गुंडाळायचा आणि काही झालंच नाही असं चहाकडे वळायचं. त्यांनी टोक धरून दमानं ओढलं.

टोक आलं. स्वेटर आला नाही.

कोणाला टोचू नयेत म्हणून लेकीने विणायच्या सुया काढून घेतल्या होत्या. मोकळे टाके भराभर सुटू लागले. बाबा घाबरून लोकर गोळा करत गेले, तशी ती आणखी सुटत गेली. पहारेकरी धावत आला.

"ओरडू नका साहेब," बाबा म्हणाले, "जरा दोन्ही हात पुढे करा."

त्याने केले. बाबा त्याच्या हातांवर लोकर गुंडाळू लागले. हाही कार्यक्रमच समजून लोक जमले. एका बाईने नवऱ्याला खोकूही दिलं नाही. राक्षस विचारात पडल्यासारखा कलला आणि त्याचं डोकं सुटून घरंगळत प्रमुख पाहुण्यांच्या पायाशी गेलं. पाहुणे म्हणाले, फार बोलकं काम आहे.

नकोसे. साहित्य: तेच, डोके वगळून.

लेक गर्दीतून वाट काढत आली. "बाबा, हे काय केलंत?"

"तुझ्या आईचा होता गं."

"मला वाटलं, अर्धवट आहे, तर..."

"अर्धवटच होता."

आता खालची किनार तेवढी उरली होती. मेंदी रंग संपला, एक गाठ आली आणि पुढे निळी लोकर निघाली. लेकीने ती बोटांत धरली. तिच्या शाळेच्या स्वेटरची लोकर.

"तुला नकोसा झाला होता," बाबा म्हणाले. "तिने उसवून ठेवला होता."

पहारेकऱ्याला डोकं उचलायला बोलावणं आलं. बाबा जमिनीवर बसले आणि लोकरीची लड त्यांनी आपल्या हातांवर घेतली. संसारभर ते असेच बसत आले होते. समोर बायको लोकरीचा गुंडा करायची आणि हात जरा ढळले की म्हणायची, अहो, हलू नका ना.

लेक समोर बसली. टोक शोधून गुंडाळू लागली. गुंडा बटाट्यासारखा होत होता. बाबांचे हात थरथरायला लागले, मग खांदे.

लेकीने मान वर केली नाही.

"अहो, हलू नका ना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांना डोळे पुसता येईनात. हात गुंतले होते.