ठेच्याचा नेम

माझं गुपित फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी, दुसरे देव्हाऱ्यातले गणपती! रोज पोथी झाली, की मी हळूच मोबाईल उघडायची आणि आमच्या मुकुंदवाडीतल्या कॉलनीच्या फेसबुक ग्रुपवर 'ठेचा' व्हायची. एरवी माझा आवाज समईच्या वातीएवढा; पण ठेचा? काय बाई तिखट! टँकरची पहिली नळी स्वतःच्या टाकीत सोडणारे अध्यक्ष बद्रीनाथ भाऊजी, पाण्यानं अंगण न्हाऊ घालणारे धोंडिबा काका... सगळ्यांना नाव घेऊन कुटलं! फोटो जास्वंदीचा, नाव खोटं. कोण ओळखणार?

सासूबाई तर ठेच्याच्या भक्त! "वाच गं, आज कुणाला कुटलं? लई गुणाचं लेकरू हाय. न्हाय तर तू! दूधवाल्याशी बोलतानाबी पदर चावतीस!"

एक दिवस अध्यक्षांनी मंदिराच्या ओट्यावर मीटिंग बोलावली. "ठेचा आज माफी मागणार. सगळ्यांसमोर!"

माझी संकष्टी. हातातली जपमाळ मी उलटीच ओढायला लागले. उद्या आरतीला कुठल्या तोंडानं उभी राहू?

"ठेच्यानं कॉलनीतल्या प्रत्येक गड्याचं नाव घेतलंय," अध्यक्ष म्हणाले. "एकच सुटला!" आणि त्यांनी आमच्या ह्यांचं नाव घेतलं.

अगं बाई! पाइपनं स्कूटर धुतात म्हणून ह्यांच्यावर मी लिहिणारच होते. पण नाव कसं घेणार? लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. माझा तो नेम ठेच्यानंही पाळला होता!

"स्वतःला कोण झोडेल? ठेचा हाच!" अध्यक्षांनी ह्यांच्याकडे बोट रोखलं.

"वहिनी नसतील?" मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे खो खो हसले. "वहिनी? त्या मुंगीलापण अहो-जाहो करतात!"

हे 'नाही' म्हणायला उठले. माझ्याकडे बघितलं. माळेकडे बघितलं. आणि झुरळ दिसलं की पलंगावर चढणारा हा माणूस छाती काढून गरजला, "व्हय, मीच ठेचा! माफी मागणार नाय! पाणी सारखं वाटा!"

काय टाळ्या! सासूबाई तर रडल्याच. "माझंच लेकरू निघालं गं!" लोकांनी तिथल्या तिथं ह्यांना अध्यक्ष केलं. मी मनातल्या मनात ओवाळलं.

चंद्र बघून उपास सोडताना विचारलं, "कसं ओळखलंत हो?"

"माझं नाव न घेणारी दुसरी कोण आहे?"

असा नवरा सात जन्म मागितला मी!

काल टँकर आला. नव्या अध्यक्षांनी पहिली नळी सोडली... आमच्या टाकीत!

"ठेचा गप का?" सगळी कॉलनी विचारतेय. गप कुठली? सकाळपासून लिहायला बसलेय. पहिल्याच शब्दाला अडलेय!