पहिला मान जुन्या डिस्कचा

एका जंगलात, मुलांनो, पाणवठा एकच होता आणि तहानलेले पुष्कळ. म्हणून पाण्याला चिठ्ठी लागे. चिठ्ठी संगणकातून निघे. संगणकापुढे रावजी गवा बसे.

रावजी शाळेत फारसा गेला नव्हता. पण शिंगं मोठी होती. त्यामुळे शाळेचं कुणी विचारलं नाही.

संगणक ऑल-इन-वन होता. म्हणजे डोकं, तोंड, पोट सगळं एकाच पाटीत. सकाळी बटण दाबलं की आतून कण्हल्याचा आवाज येई. पडद्यावर एक गोल फिरत राही. तोवर रांग डोंगराला टेके.

एकदा रांगेत एक हरिणी भोवळ येऊन पडली. पंच जमले. त्यांचा म्होरक्या तरस म्हणाला, "रावजीआबा, होळीपर्यंत रांग हलली नाही, तर खुर्ची दुसऱ्याला देऊ."

रावजीनं खुर्ची घट्ट धरली. खुर्चीशिवाय तो नुसता गवा होता.

त्यानं चंद्री साळिंदरणीला बोलावलं. ती संगणक दुरुस्त करी. तिनं स्वतःचाच एक काटा उपसला आणि पडद्याची कड अलगद उचकटली. आत जुनी हार्ड डिस्क होती. कण्हायची ती हीच. चंद्रीनं तिच्या शेजारी नवी एसएसडी, म्हणजे झटपट चालणारी डिस्क, बसवली. बारकी, चपटी, मुकी.

"आबा, आता सगळा कारभार या नवीवर हलवते. संगणक हिच्यावरून सुरू होईल. जुनी राहू दे मागं, फोटो सांभाळायला."

रावजीनं फुसकारा टाकला. "मागं? इतके उन्हाळे राबली ती!"

"डिस्क आहे ती, आबा. तिला कुठला मान कळतोय?"

"मला कळतो. पंगतीत पहिलं पान थोरल्याचं. संगणक जुनीवरूनच सुरू होणार. नवीनं शेजारी बसून शिकावं."

"अहो, ती शिकत नसते!"

"मग वळण नाही तिला."

चंद्रीनं पडदा दाबून बसवला. "तुमचा संगणक, तुमची खुर्ची," म्हणाली आणि चालती झाली.

रावजीनं नारळ फोडला. पडद्याला हळदकुंकू लावलं. बटण दाबलं. कण्हणं ऐकू आलं. गोल फिरू लागला.

"बघा, कसा झरझर फिरतोय!"

सगळ्यांनी शिंगांकडे बघितलं आणि माना डोलावल्या.

होळी आली. रांग होती तिथंच होती. पंच आले. रावजीनं छाती काढली. "नवी डिस्क बसवलीय. आत आहे. माझ्याकडून कसूर नाही."

"बसवलीत ना? मग आम्हीही तसंच करतो," तरस म्हणाला. "खुर्ची तुमचीच. शेजारी ही ससुली बसेल. चलाख आहे."

"मी करायचं काय?" ससुलीनं विचारलं.

"काम आबा करतील. थोरले आहेत. तू बसून शीक."

रावजीचे डोळे भरून आले. इतका सरळ न्याय त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यानं बटण दाबलं. आत एसएसडी बसून होती, बाहेर ससुली. दोघी चलाख, दोघी रिकाम्या.

रांगेतली तीच हरिणी थोडा वेळ गोलाकडे बघत राहिली. मग पाडसाला घेऊन डोंगरापलीकडच्या जंगलात निघून गेली.

रावजी खुशीत ओरडला, "बघा! हलली रांग!"

तात्पर्य : नवं जरूर आणावं, हळदकुंकू लावून शेजारी बसवावं. कामाला मात्र लावू नये. लावलं, की आम्हा म्हाताऱ्यांवाचून काही अडत नव्हतं, हे चारचौघांत उघडं पडतं.