पानाबाहेरचा मजकूर

"अहो, ज्याला स्कूटर येते त्याला मोटारसायकल काय वेगळी शिकवायची?" मुलाखतीत मी पूर्णिमाबाईंना ऐकवलं. शनिवार पेठेतल्या छापखान्यात अकरा वर्षं मी कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर कोळून प्यायलो होतो. त्यांच्या कोथरूडच्या स्टुडिओत त्याऐवजी इलस्ट्रेटर चाले, एवढाच फरक!

"हाताचा गिअर पायात येतो," त्या म्हणाल्या. "तीन महिने बघू. मग कायम करायचं की नाही ते."

पहिल्याच दिवशी सवयीने 'सी' दाबलं. कोरलमध्ये त्याने वस्तू एका मध्यावर येतात. इथे हातात कात्री आली आणि माधवराव गोळे, चष्मेवाले, यांच्या बोधचिन्हातल्या चष्म्याची काडीच तुटली!

हळूहळू जमलं. एक सवय मात्र राहिली. गिऱ्हाइकाबद्दलचं मत मी स्क्रीनवर पानाबाहेरच्या कोऱ्या जागेत टिपून ठेवतो. छापखान्यात ते कधी कागदावर उमटलं नाही, आणि मन हलकं व्हायचं. गोळ्यांच्या जाहिरातीशेजारी मी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'रंग चार वेळा बदलला. हे लोकांचे डोळे तपासतात. यांचे कोण तपासणार?'

तीन महिने संपायला दोन दिवस होते. जाहिरात ईमेलने गोळ्यांना गेली आणि पाच मिनिटांत पूर्णिमाबाई माझ्या खुर्चीमागे!

"उजवीकडे हे काय आहे?"

"ते पानाबाहेर आहे हो!"

"पाठवायची फाइल बनवताना 'फक्त पान' या पर्यायावर खूण केली होती?"

अशी खूण असते हे मला तेव्हा कळलं.

"बारीक अक्षर आहे," मी पुटपुटलो. "सत्तरीच्या माणसाला कुठलं दिसतंय?"

"ते चष्म्याचं दुकान चालवतात!"

तासाभरात माधवराव हजर. हातात छापील प्रत आणि लाल पेन. मी डबा पिशवीत भरून ठेवला.

"चार वेळा?" त्यांनी विचारलं.

"चुकलं, साहेब."

"चुकलंच. सहा वेळा." त्यांनी चारचे सहा केले. "अक्षर अजून बारीक करा. खाली मोठ्या अक्षरात लिहा: 'वरील मजकूर वाचता न आल्यास दुकानात यावे.' हीच जाहिरात द्यायची."

नोकरी वाचली! पूर्णिमाबाई चक्क हसल्या. मला धीर आला.

"म्हणजे डिझाइन पसंत आहे ना, माधवराव?"

"मजकूर पसंत आहे."

"आणि डिझाइन?"

"ते पानाबाहेर ठेवा."