फितीपर्यंत बावन्न पावलं

“अठ्ठेचाळीस सेकंद! सूनबाई, नापास!” घड्याळमामांनी स्टॉपवॉच खटकन बंद केलं.

घड्याळमामा म्हणजे राजवाड्याचे शिष्टाचार अधिकारी. लाल गालिचा बावन्न पावलांचा, तो पार करायला बरोबर नव्वद सेकंद लागलेच पाहिजेत, असा त्यांचा नियम. सूनबाई पार मेटाकुटीला आली होती. लग्नाआधी ती शंभर मीटर धावायची!

“मामा, आधी ‘हळू पळालीस’ म्हणून हेच घड्याळ रडवायचं. आता ‘लवकर पोचलीस’ म्हणून रडवतंय!”

त्यात एक जुनं दुखणं होतं. शाळेपासून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत ती कायम दुसरी आली. चांदीची पदकं इतकी, की भांड्यांच्या दुकानाने लाजावं. पण शेवटच्या रेषेवरची फीत छातीने तोडायचं भाग्य? एकदाही नाही.

आणि उद्या होतं ग्रंथालयाचं उद्घाटन! फीत कापणार राणीसाहेब, म्हणजे सासूबाई. सूनबाईने कात्रीचं तबक घेऊन दोन पावलं मागून चालायचं.

“उद्या घोळ घातलास, तर यापुढे फक्त गच्चीतून हात हलवायचा,” सासूबाईंनी बजावलं.

“वर्षभर?”

“जन्मभर.”

दुसऱ्या दिवशी पहिली वीस पावलं झकास पडली. मग समोर ती दिसली. पिवळी, ताणलेली, बरोबर छातीच्या उंचीवर. सूनबाईने नजर खाली वळवली, पण तळव्यांना खाज सुटायची ती सुटलीच. तेवढ्यात गालिच्याच्या कडेला लावलेल्या फुग्यांपैकी एक उन्हाने फुटला. फट्ट!

बाकीचे दचकले. सूनबाई पळाली.

तबक घड्याळमामांच्या पोटात, एक चप्पल ग्रंथपालांच्या मांडीवर आणि सूनबाई राणीसाहेबांच्या डावीकडून जी सुटली ती थेट फितीत!

“पहिली! मी पहिली आले!”

मग तिने मागे वळून पाहिलं. राणीसाहेब अजून गालिच्याच्या मधोमध उभ्या होत्या, कात्रीसाठी हात पुढे करून.

परतताना गाडीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. शेवटी राणीसाहेबांनी विचारलं, “किती?”

“चूक फारच मोठी, राणीसाहेब...” घड्याळमामा पुटपुटले.

“चूक नाही विचारली. सेकंद किती?”

“चार.”

“हं,” म्हणून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

आश्चर्य म्हणजे गच्चीची शिक्षा काही झाली नाही. उलट पुढच्याच आठवड्यात दवाखान्याच्या उद्घाटनाला राणीसाहेबांनी फर्मावलं, “सूनबाई येणारच. आणि फुगे हवेतच.”

या खेपेला सूनबाई अशी चालली, की घड्याळमामांच्या डोळ्यांत पाणी आलं. दहा पावलं, वीस, तीस... फट्ट!

सूनबाईने तबक घट्ट धरलं, डोळे मिटले आणि जागची हलली नाही. शाब्बास! पण डोळे उघडले, तर मुकुट गालिच्यावर घरंगळत चाललेला आणि पुढे, पायघोळ पोशाख गुडघ्यापर्यंत उचलून, पायांत पांढरे बूट घातलेल्या राणीसाहेब सुसाट!

“अहो सासूबाई!” सूनबाईने तबक भिरकावलं आणि ती जिवाच्या आकांताने धावली. उशीर झाला होता. फीत सासूबाईंच्या गळ्यात लोंबत होती.

“चाळीस वर्षं कात्रीने कापतेय गं मी,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “यात एवढी मजा असते, हे मेलं कुणी सांगितलंच नाही!”

“हा फाउल आहे! तुम्ही आधीच सुटलात!”

“पुरावा दाखव.”

सूनबाईने त्यांची उजवी मूठ धरून उघडली. आत टाचणी होती.

पण राणीविरुद्धची तक्रार घेणार कोण? घड्याळमामांनी वही काढून निकाल लिहिला. राणीसाहेब पहिल्या. सूनबाई दुसरी. अंतर, दोन पावलं.

“अगदी नियमाप्रमाणे!” ते खूश होऊन म्हणाले.