इतेनच्या डाव्या गुडघ्याची मोहीम

श्रोतेजनांनी आधी आपापले पाय पोटाशी घेऊन बसावे, कां की ही हकीकत पायांची आहे, आणि पायांच्या कानी पडली तर ते उठोन धावू लागतील. केरिओ दरीचे माथ्यावर इतेन म्हणोन आमचे ठाणे. तेथे कोंबडा आरवायचे आधी धावणारांची फौज तांबड्या धुळीत कूच करिते, आणि आम्ही म्हातारे चहाचे टपरीवर बसोन नुसत्या पावलांच्या आवाजावरून कोणाचे लग्न मोडले तेही सांगतो. सबब या लिखाणात असत्य आढळल्यास ते धुळीचे समजावे.

वर्तमान ऐसे जे, किमोसोप नामे जवान, छातीने घोडा आणि अकलेने शिंगरू, धावणारांचे छावणीत एका खाटेचा धनी होता. छावणीचे सरदारांनी फर्मान काढिले की, शनिवारचे शर्यतीत पहिल्या दहांत जो न येईल, त्याने खाट खाली करोन गावी गुरे राखावयास रवाना व्हावे. हे ऐकोन किमोसोपाची झोप उडाली, आणि मग त्याने मनसुबा रचिला, आणि तीन शहरांचे मॅरेथॉनविजेते श्रीमंत अराप किटूर यांजकडे जाऊन त्यांचे पायीचे जुने बूट मागोन आणिले. आमचे मुलखी रिवाजच आहे की विजेत्याचे बुटास वारस लागतो, आणि दुधीचे भोपळ्यात मुर्सिक दूध मुरावे तैसा बुटात वेग मुरतो, ऐसी रयतेची खातरजमा आहे.

पहिले दिवशी स्वारी ऐसी धावली की तिची सावली छावणीत संध्याकाळी एकटीच धापा टाकीत आली. दुसरे दिवशी डावा गुडघा कुरकुरला. तिसरे दिवशी उघड फितूर जाहला, आणि मग खासा लंगडत मोची तोरोइतिचबाबांचे दरबारी रुजू जाहला. बाबा छावणीचे स्वयंपाकघरास पाठ लावोन बसत. त्यांनी मुखकमल न पाहता थेट बुटाचा तळ पाहिला. बाहेरची कड झिजोन पापुद्रा जाहली होती.

"कुणाचे ढापलेस रे?"

"ढापले नाहीत बाबा, किटूरदादांनी दिलेत!"

"दिले असतील. पण यात अजून किटूरच पळतोय. तू नुसता वर बसलायस."

मग बाबांनी हुकूम फर्माविला की पाय ओले करोन स्वयंपाकघराचे सिमेंटवर उभे राहावे. किमोसोप उभा राहिला तो मक्याचे पीठ शिजवोन थापलेल्या उगालीचे गोळ्यासारखे अख्खे पाऊल उमटले, मध्ये कमान म्हणोन नाही. इतक्यात स्वयंपाकीण जेबिवोतबाई पळीसकट चालोन आल्या.

"आत्ता पुसलंय मी! कुठल्या गोठ्यातून सुटलात रे दोघं?"

ऐसे गर्जोन त्या त्याच ओल्यातून फडके आणावयास गेल्या, आणि मागे त्यांची पावले उमटली: टाच, चवडा, आणि मध्ये बाहेरचे अंगास दोऱ्याएवढी रेघ. बाबा फरशीवर ओणवे जाहले.

"अगं, थांब! ही तर किटूरची पावलं!"

"माझी आहेत. आणि पुसणार तूच आहेस, म्हाताऱ्या."

तेव्हा बाबांनी पायाचे राजकारण उलगडिले ते ऐसे. प्रत्येक पावलात दोन सरदार नांदतात. पाऊल जमिनीस टेकताच एक त्यास आत कलवितो आणि दणका जिरवितो, त्यास वैद्यलोक प्रोनेशन म्हणतात. मग उचलतेवेळी दुसरा त्यास बाहेर वळवोन ताठ करितो आणि पुढे फेकितो, ते सुपिनेशन. दोघेही दौलतीचे चाकर, दोघेही हवेत. एकाने मर्यादा सोडिली म्हणजे बखेडा. किमोसोपाचे पाऊल आत कलण्याचे षोकी आणि किटूरांचे बूट बाहेर कललेले. पाऊल आत ओढी, बूट बाहेर ओढी, आणि मध्ये गुडघ्याची बिचारी रयत भरडली जाई.

"मग दादांचा वेग?" किमोसोप रडवेला जाहला.

"वेग त्याच्या पायात राहिला, पोरा. तुला त्याची झीज मिळाली."

मग तह जाहला. किमोसोपाचे आपले जुने बूट खाटेखालोन काढिले, आणि आतले कडेस जुन्या टायरची चकती बसविली, आणि गुडघ्यास तीन दिवस विसावा दिला. किटूरांचे बुटांची झिजली कड भरोन ते जेबिवोतबाईंचे पायी चढविले, आणि बाई "असले चोचले नकोत मला" म्हणत म्हणत दरीचे कडेपर्यंत धावोन आल्या, आणि चुलीवरचा चहा अजोन उतू गेला नव्हता.

शनिवारी रण माजले. गुडघा शेवटचे चढावर एकवार कुरकुरला, आणि मग इमानास जागला, आणि किमोसोप दहावा आला. अकरावा त्याचे मागे नाकाचे शेंड्याने राहिला, आणि ते नाक अद्याप लांब आहे. बायकांचे शर्यतीत जेबिवोतबाई तिसऱ्या आल्या. श्रीमंत किटूर भोपळा घेऊन सामोरे आले, बाईंस मुर्सिक पाजिले, आणि आपले बूट ओळखोन पोट धरोन हसले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. किमोसोपाची खाट कायम, गुडघा ताब्यात, बाईंस छावणीत नवी खाट बहाल. फक्त त्या सांजेस चूल कोणी पेटविली नाही हे ध्यानी आले, आणि मग दहा विजयी वीरांनी मिळोन उगाली करपविली, आणि फरशीवर सांडिली. बाई आपले खाटेवरोन, पाय पसरोन, फर्मावित्या जाहल्या:

"किमोसोप, फडकं दाराच्या मागं आहे. आणि पुसताना पाय सरळ ठेव!"