पिवळी प्लेट

औषध घातलेल्या प्लेटमध्ये प्रथिन अजिबात नव्हतं. ताईने आकडा पुन्हा पाहिला, चष्मा पुसून पाहिला. शून्य ते शून्यच!

प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशी एक प्रथिन बाहेर सोडतात. ते सोडण्याचा हुकूम पेशीच्या आतल्या एका निरोपातून मिळतो, असा पीएच.डी. करणाऱ्या ताईचा आणि तिच्या सरांचा तर्क होता. निरोप अडवणारं औषध एका प्लेटमध्ये घालायचं, दुसरी तशीच ठेवायची आणि पेशींवरच्या गुलाबी मीडियममध्ये, म्हणजे त्यांच्या खाद्याच्या द्रवात, किती प्रथिन उतरलं ते मोजायचं. शुक्रवारच्या बैठकीत तिला संशोधनासाठी मुदतवाढ मिळणार की नाही, ते या आकड्यांवर ठरणार होतं.

सरांनी लगेच संस्थेच्या संचालकांना फोन लावला. "निरोप अडवला की तोंड बंद! एकदम कुलूप!"

शेजारच्या टेबलावर काम करणारा जाड्या मात्र मान हलवत होता. "ताई, निम्मं झालं असतं तर मी पेढे मागितले असते. पण इतकं साफ? मेल्या असतील गं तुझ्या पेशी."

ताईने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पेशी चांगल्या गुटगुटीत होत्या. प्रयोग पुन्हा केला, तिसऱ्यांदा केला. पेशी ठणठणीत आणि प्रथिन शून्य! खाऊन-पिऊन सुखी असलेल्या पेशी अशा मौनात का जाव्यात? या कोड्याने तिची झोप उडाली. शेवटी एके दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर, भल्या सकाळीच प्रयोगशाळेत आली.

आत सर गुणगुणत होते. औषधाच्या प्लेटमधलं मीडियम त्यांनी हलक्या हाताने ओढून टाकलं आणि ताजं घातलं. "झालं हं, झालं. आता पोटभर खा."

"सर! हे काय करताय?"

"अगं, ही रोज पिवळी पडते बिचारी. मीडियम पिवळं झालं म्हणजे पेशी उपाशी. जो बघेल त्याने बदलायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. दुसरी प्लेट गुलाबी असते, तिला मी हात लावत नाही."

"सर, औषधच पिवळं आहे. मी ते रोज संध्याकाळी घालते आणि सकाळी आल्यावर प्रथिन मोजते."

सरांच्या हातातली पिपेट तशीच राहिली. "म्हणजे... प्रथिन?"

"तुम्ही रोज मोरीत ओतताय. औषधासकट."

सर मटकन स्टुलावर बसले. शुक्रवार परवावर आला होता. ताईने पुन्हा प्लेटा लावल्या. सरांनी स्वतःच खुर्ची दाराबाहेर नेली आणि हाताची घडी घालून दिवसभर तिथे बसून राहिले. जाड्या येता-जाता विचारायचा, "सर, पाणी आणू? मीडियम बदलू?"

दुसऱ्या दिवशी आकडा आला. औषधाच्या प्लेटमध्ये प्रथिन जवळजवळ दुप्पट होतं.

"दुप्पट?" सर उठून आत धावले. "मग तो निरोप 'सोडा' असा नव्हताच! 'पुरे' असा होता! पण पुरे कशासाठी म्हणायचं त्याने?"

"तेच तर बघायला मुदतवाढ हवी," ताई म्हणाली. चूक कुणाच्या नावावर पडणार, हे तिला ठाऊक होतं. अशा वेळी ती विद्यार्थ्याच्याच नावावर पडते.

सरांनी संचालकांना फोन लावला. "हो, निष्कर्ष उलटा झालाय. नाही, तिच्या हातून काही चुकलेलं नाही."

पलीकडून काहीतरी मोठ्याने विचारलं गेलं.

"हो ना, तीनदा केला होता प्रयोग," सर कानापर्यंत लाल होत म्हणाले. "तिन्ही वेळा मीच जेवायला वाढलं."